तीन नंबरचा फोटो

१

सोमवारी सकाळी पाकीट उघडलं तेव्हा आत तीनच फोटो होते.

मी पुन्हा पाहिले. एक, दोन, चार. प्रत्येकाच्या पाठीवर तपास करणाऱ्या कॅप्टन लापिनने जांभळ्या पेन्सिलीने आकडा घातला होता. तीन नंबर नव्हता.

"झेलिककाका, तीन नंबर तुमच्याकडे आहे का?"

झेलिक ब्लोख आमच्या स्टुडिओतले रिटचर, ब्रशने फोटोतले चेहरे सुधारणारे. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, एका जागी पाच मिनिटं न बसणारे. ते खिडकीपाशी उभ्याउभ्याच चहा पीत होते.

"माझ्याकडे? शनिवारी पाहिला तेवढा पुरे झाला मला. डोळे मिटले की दिसतोय. हातात घेऊन काय करू?" मग माझा चेहरा पाहून त्यांनी पेला खाली ठेवला. "आल्डोना, थट्टा करतेस का?"

मी थट्टा करत नव्हते.

ही गोष्ट एकोणीसशे त्रेसष्टच्या ऑक्टोबरातली, लिथुआनियातल्या आमच्या आल्सुपे गावातली. मी तेव्हा चोवीस वर्षांची. आता त्या स्टुडिओच्या जागी औषधांचं दुकान आहे, आणि तिथे फोटो धुण्याच्या फिक्सरचा आंबट वास यायचा हे सांगणारी मी एकटीच उरले आहे. तो वास मला अजून आवडतो.

एक्केचाळीसच्या ऑगस्टमध्ये गावाबाहेरच्या पाइनच्या जंगलात, वाळूच्या खाणीपाशी, गावातले सगळे ज्यू तीन दिवसांत गोळ्या घालून मारले. हुकूम जर्मनांचा. बंदुका धरणाऱ्यांत आमच्याच गावची, दंडाला पांढरी फीत बांधलेली माणसं. एका जर्मन शिपायाने तिथे फोटो काढले आणि फिल्म धुवायला आमच्याच स्टुडिओत टाकली. तेव्हाच्या मालकांनी शिपायाला त्याचे फोटो दिले, आणि प्रत्येकाची एक जादा प्रत काढून छताच्या पत्र्याखाली लपवली. मालक युद्धातच गेले. फोटो पत्रा बदलणाऱ्या माणसांना त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सापडले. निगेटिव्ह नाहीच.

गुरुवारी खटला उभा राहणार होता. आरोपी काझिमिएरास स्टुल्गिस. त्याचं म्हणणं, मी त्या अख्ख्या आठवड्यात चाळीस किलोमीटरवर मामाच्या शेतावर रायचं पीक कापत होतो. मामा मेलेला. खाणीपाशी त्याला पाहणारे त्याच्याहून आधी मेलेले. उरला तीन नंबर. खाणीच्या कडेला रांगेत उभ्या बायका, कडेवर पोरं, आणि त्यांच्याशेजारी फीतवाला स्टुल्गिस, चेहरा कॅमेऱ्याकडे, स्वच्छ.

कोर्टासाठी त्या चारही फोटोंच्या मोठ्या प्रती काढायचं काम आमच्याकडे होतं. शनिवारी पाकीट देताना कॅप्टन दारातच मोठ्याने म्हणाला होता, "मला हव्यात तेवढ्याच. एकही जादा प्रत निघता कामा नये. खटला झाला की सगळं व्हिल्नियसला फाइलीत जाणार."

आता त्याला फोन केला. तो आला, पाकीट झटकलं आणि आम्हा दोघांकडे पाहिलं.

"गुरुवारी सकाळी दहा वाजेपर्यंत फोटो माझ्या हातात नसला, तर स्टुल्गिस घरी जाईल," तो म्हणाला. "आणि त्याच्या रिकाम्या कोठडीत कुणाला ठेवायचं, ते मी ठरवीन."

झेलिककाका त्याच्या कोठडीच्या गोष्टीने हलले नाहीत. "घरी जाईल" हे दोन शब्द मात्र त्यांनी ओठातल्या ओठात पुन्हा म्हटले.

२

फोटो टेबलाच्या खणात होते. खणाला कुलूप होतं, पण किल्ली शेजारच्या खिळ्याला टांगलेली असे, हे स्टुडिओतल्या मांजरालाही ठाऊक होतं. रविवारी स्टुडिओ बंद. बाहेरच्या दाराच्या चाव्या चौघांकडे: मी, व्यवस्थापक बुकाउस्कास, गाडी चालवणारा रिमास आणि झाडलोट करणारी उर्शुलेमावशी.

रिमास स्टुल्गिसचा सख्खा पुतण्या. कॅप्टनला आणखी काही विचारायची गरजच वाटली नाही. रिमासला गाडीवरून उतरवलं तेव्हा त्याच्या हातात अर्धी खाल्लेली काकडी होती.

"मी कशाला घेऊ?" तो ओरडला. "काकाने आमच्या बापाची जमीन गिळली! त्याला फाशी झाली तर मी बँड लावीन!"

"मोठ्याने बोल," कॅप्टन म्हणाला, "तुझ्या आईला ऐकू जाऊ दे."

त्याला घेऊन गेले. झेलिककाका खोलीत येरझाऱ्या घालत होते. खिडकी ते दिवा, दिवा ते खिडकी.

"बसा हो काका, मला घेरी येतेय."

"हा बघ." त्यांनी दोन नंबरचा फोटो माझ्यापुढे सरकवला. "हा पाठमोरा कोण?"

एक फीतवाला माणूस पाठमोरा होता. डाव्या कानाची पाळी अर्धी तुटलेली.

"स्टुल्गिस," मी म्हटलं. त्याचा तो कान सगळ्या तालुक्याला माहीत होता.

"नुसत्या कानावर कोर्ट कुणाला शिक्षा देत नाही. पण पुतण्या काकाला वाचवायला आला, तर कान तरी मागे ठेवील का? तो सगळं पाकीट चुलीत घालील. ज्याने घेतला, त्याला स्टुल्गिसशी काही देणंघेणं नाही. त्याला तीन नंबरच हवा होता."

मग त्यांनी बुकाउस्कासना गाठलं. व्यवस्थापक घामाघूम होते.

"ब्लोख, माझं नाव कुठे लिहू नका. मी तर त्या फोटोंकडे पाहतसुद्धा नाही."

"खरंय. म्हणून तर तुम्ही नाही," झेलिककाका म्हणाले. "तुम्ही घेतले असते तर न बघता चारही घेतले असते."

"हे माझ्या बाजूने बोलताय की विरुद्ध?"

"घरी गेल्यावर बायकोला विचारा."

उर्शुलेमावशी जिन्यात गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती. चाळिशीची असेल, पण सगळे तिला मावशीच म्हणायचे. बोलणं कमी. नवऱ्याशिवाय, पोराबाळांशिवाय एकटी राहायची.

"रविवारी आलीस का गं इथे?" झेलिककाकांनी विचारलं.

"चर्चवरून येताना. कुंड्यांना पाणी घातलं."

"काही पाहिलंस?"

"पाणीच पाहिलं." तिने फडकं पिळलं. "रिमासला सोडतील का?"

"फोटो मिळाला तर."

ती पुन्हा पुसायला लागली. तीच पायरी, जी आधीच पुसून झाली होती.

मंगळवारी दुपारी मी लंबगोलांच्या कामाला बसले. शुक्रवारपासून मृतात्म्यांचे दिवस. आमच्याकडे तेव्हा प्रत्येकाला कबरीच्या दगडावर आपल्या माणसाचा लंबगोल फोटो हवा असतो. ऐपत असेल त्याला चिनी मातीवर भाजून, नसेल त्याला साधा: फोटोतून चेहरा कापायचा, फुगीर काचेखाली ठेवायचा, पितळी कडं दाबायचं, मागून लाखेने बंद. ऑक्टोबरात आमचा श्वास त्या कड्यांत अडकलेला असे. मी डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"काका, सर्वांत लहान मापाचं एक कडं कमी आहे. आणि काच पण."

"एखादं पडलं असेल."

"ते माप तान्ह्या बाळांसाठी. या वर्षी एकही मागणी नाही. डबा मी शनिवारी लावला होता."

झेलिककाका येरझाऱ्या घालता घालता थांबले. दिवसभरात पहिल्यांदाच.

"तीन नंबरमधले चेहरे केवढे होते, आल्डोना?"

मी अंगठा वर केला. अंगठ्याच्या नखाएवढे.

"कोट घाल," ते म्हणाले.

३

दफनभूमीत त्या आठवड्यात जत्रेसारखी गर्दी असायची. बायका दगड घासत होत्या, वाळूवर दातेरी फणीने रेघा ओढत होत्या, शेवंतीच्या कुंड्या मांडत होत्या. वर जंगली हंसांचे थवे दक्षिणेकडे चालले होते आणि त्यांच्या ओरडण्याने जीव थाऱ्यावर राहत नव्हता.

"अगं बाई, ब्लोख!" मटणवाल्याची विधवा बादली घेऊन उभी राहिली. "तुम्ही ज्यू माणूस, तुमचं कोण आहे आमच्या पाद्र्याच्या कुंपणात?"

"सगळी माझीच गिऱ्हाइकं," झेलिककाका म्हणाले. "कुणाची तक्रार आहे का बघायला आलोय. तुमच्या यजमानांनी काही कळवलं?"

"तो जिवंतपणी बोलत नव्हता!"

ती हसली, आम्ही पुढे गेलो. खरंच, अर्धी दफनभूमी झेलिककाकांच्या हातून गेलेली. लग्नाच्या फोटोतून, शाळेच्या फोटोतून चेहरे काढून त्यांनी सगळ्यांचे केस विंचरले होते, पुरुषांना कोट चढवले होते, बायकांना कॉलर लावल्या होत्या. ज्याने जन्मात टाय बांधला नाही, तोही इथे टाय बांधून होता. सगळे समोर बघत होते. ते एकेका रांगेतून इतक्या भराभर चालले की मला धावावं लागलं.

सातव्या रांगेत ते थांबले.

दगड साधा, राखाडी. मोनिका यांकुटे, मृत्यू १९५२. तिचा लंबगोल मला ओळखीचा होता. त्याच्याखाली, नावाशिवाय, एक अगदी लहानसा नवा. लाख अजून चमकत होती.

आत एक तरुण बाई. वाऱ्याने रुमालाखालून सुटलेले केस, मान वळलेली, ओठ किंचित उघडे, जणू कुणाला काही सांगतेय. छातीशी एका पोराचं कपाळ तेवढं आलेलं. आणि तिच्या खांद्यावर, काचेच्या कडेला, कुणाच्या तरी हाताची चार बोटं.

"हे माझं काम नाही," झेलिककाका हळूच म्हणाले. "या जागेत बाजूला बघणारा एकही मेलेला नाही."

ते गुडघ्यांवर बसले, भिंग काढलं.

"पोलोनिया," मग म्हणाले. "ज्यू औषधवाल्या रुबिनकडे मुलं सांभाळायची. मी सैन्यात गेलो त्या दिवशी मला पुलावर भेटली होती. उर्शुलेची थोरली बहीण. ही मोनिका त्यांची आई."

"तुम्ही ओळखत होता? मग शनिवारी फोटोत कशी दिसली नाही?"

"शनिवारी मी भिंग घेऊन चारही फोटोंतला एकेक चेहरा पाहिला. आपली माणसं आहेत का, एवढंच पाहिलं. बायको रिव्का नाही, आमच्या पोरी नाहीत. की पुढचा चेहरा." त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा पुसलं. "माझी माणसं पाचव्या फोटोत असतील. कुणी काढला असेल तर."

मी वाकून पुन्हा काचेतल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पण काका," मी म्हटलं, "पोलोनिया ज्यू नव्हती. ती तर एका जर्मनाबरोबर पळून गेली. सगळं गाव सांगतं."

"हो ना," झेलिककाका उठत म्हणाले. "आणि गावाला कुणी सांगितलं?"

४

उर्शुलेने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत जाऊन प्रार्थनेचं पुस्तक आणलं. फोटोचा उरलेला भाग त्यात होता. मधोमध एक लंबगोल भोक. शेजारी स्टुल्गिस, डोक्यापासून बुटापर्यंत, फक्त उजव्या हाताची बोटं नसलेला.

"त्याला मी धक्का लावला नाही," ती म्हणाली. "कोर्टाला तोच हवाय. तिला कोण विचारतंय?"

"माझ्याकडे का नाही मागितलास?" झेलिककाकांचा आवाज चढला. "पंधरा वर्षं माझी खोली झाडतेस!"

"तुमच्याकडे मागून? एकही जादा प्रत नाही, असं तो कॅप्टन माझ्या बादलीपाशी उभा राहून बोलला. तुम्ही दिली असतीत तर तुम्हाला नेलं असतं. नसती दिलीत तर मला तुमचं तोंड बघवलं नसतं." ती बाकावर बसली. "शनिवारी खोली आवरताना पाहिला. फोटो वाळत घालायच्या दोरीवर तुम्ही चारही लावले होते. मी तिला बावीस वर्षांनी पाहिलं. आईने तिचे सगळे फोटो चुलीत घातले होते. जर्मनाबरोबर पळालेली मुलगी घरात नको म्हणून. माझ्याशी लग्न करायला कुणी आलं नाही ते त्यामुळेच. आणि आई मरताना काय म्हणाली, ते मी सांगणार नाही."

"आणि रिमास?"

"उद्या जाणार होते कॅप्टनकडे." मग मान खाली घालून, "काल पण उद्याच जाणार होते."

झेलिककाका स्वयंपाकघरात फिरायला लागले. चूल ते दार, दार ते चूल. "उर्शुले, नीट आठव. पोलोनिया पळाली, हे तुमच्या घरी कुणी येऊन सांगितलं?"

"स्टुल्गिसने."

मी दचकले. ती मात्र सरळ सांगत होती.

"ती दिसेनाशी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी. आई गाय बांधत होती. दारात टोपी काढून म्हणाला, लष्करी ट्रकमध्ये बसून गेली, मी डोळ्यांनी पाहिली, वाट बघू नका."

"दुसऱ्याच दिवशी," झेलिककाका म्हणाले. "म्हणजे तेव्हा तो चाळीस किलोमीटरवर राय कापत होता."

उर्शुलेने तोंडावर हात ठेवला. बावीस वर्षं ती त्याला वाईट बातमी आणणारा भला माणूस समजत होती. रस्त्यात दिसला तर नमस्कार करायची.

"मग झालं की!" मी म्हटलं. "मावशीने कोर्टात हे सांगायचं."

"वकील म्हणेल, बाई लाजेपोटी गोष्ट रचतेय. फोटो कापलेला, साक्ष एकटीची." त्यांनी खिशातून तो छोटा लंबगोल काढला. दफनभूमीतून निघताना त्यांनी चाकूने तो हळूच सोडवला होता. तो भोकाशेजारी टेबलावर ठेवला आणि माझ्या हातात भिंग दिलं. "तिच्या बाहीकडे बघ. मी हजारो बाह्या रंगवल्यात. कापडाला चुण्या कुठे पडल्यात?"

मी पाहिलं. चुण्या खांद्यापासून त्याच्या बोटांकडे ओढल्या गेल्या होत्या.

"ढकललं तर कापड खांद्याशी दबतं," ते म्हणाले. "हा ढकलत नाहीये. हा तिला रांगेबाहेर ओढतोय."

झेलिककाका उर्शुलेकडे वळले.

"त्याला ती ठाऊक होती. ती ज्यू नाही हेही. आयुष्यात त्याने तेवढं एक चांगलं करायला घेतलं होतं, आणि गेली बावीस वर्षं ते तो कुणाला सांगू शकला नाही. असा माणूस स्वतःला खुनी म्हटलेलं ऐकून घेईल, उर्शुले. पण त्या एका गोष्टीवरून खोटं बोललेलं त्याला सोसणार नाही."

"मी शपथेवर खोटं बोलणार नाही."

"बोलू नकोस. नुसतं विचार."

बुधवारी फोटो कॅप्टनकडे पोचला, रिमास सुटला. कॅप्टन उर्शुलेला तिथेच धरणार होता. झेलिककाकांनी त्याला व्हरांड्यात नेऊन अर्धा तास काय सांगितलं, देव जाणे. परत येऊन तो इतकंच म्हणाला, "आधी साक्ष. मग बघू." त्याने पुढे कधी बघितलं नाही.

आणि पोलोनियाच्या चेहऱ्याची एक जादा प्रत निघाली. मी डोळ्यांनी पाहिली, तोंड उघडलं नाही. शुक्रवारी ती मोनिका यांकुटेच्या दगडावर लागली.

५

खटला गावच्या सभागृहात होता. मागच्या भिंतीपर्यंत माणसं. सरकारी वकील "शांततेत जगणारे सोव्हिएत नागरिक" म्हणत होते, ज्यू हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. झेलिककाका माझ्या शेजारी पाय हलवत होते, अख्खा बाक हलत होता.

आरोपीचा वकील हुशार होता. त्याने कापलेला फोटो दोन बोटांत धरला. "याला पुरावा म्हणायचं? एका बाईने कात्रीने खेळलेला कागद? असा चेहरा तालुक्यात पन्नास जणांचा निघेल." लोक कुजबुजायला लागले. स्टुल्गिस हात बांधून शांत बसला होता. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. मला वाटलं, हा आज जेवायला घरी असणार.

मग उर्शुलेला बोलावलं. तिने नाव सांगितलं, फोटो कापल्याचं कबूल केलं, स्टुल्गिस दुसऱ्या दिवशी दारात आला होता हे सांगितलं.

"बावीस वर्षांपूर्वीची संध्याकाळ!" वकील हसला. "बाईंना काल काय खाल्लं ते तरी आठवतं का?"

सभागृहात थोडं हसू उमटलं. उर्शुले वकिलाकडे वळलीच नाही. ती आरोपीकडे वळली.

"काझिमिएरास," तिने शेजाऱ्याशी बोलावं तसं विचारलं, "तू तिला खड्ड्यात का ढकललंस?"

स्टुल्गिसचा चेहरा लाल झाला.

"त्यांनी उत्तर देण्याची—" वकील म्हणाला.

"तिने तुझं काय केलं होतं? तुझ्या आईच्या तापात रात्रंदिवस बसली होती ती. आणि तू तिला पाठीमागून ढकललंस?"

"खोटं!" तो उभा राहिला. वकिलाने त्याची बाही धरली, त्याने झटकली. "मी ढकललं? मी तिला बाहेर ओढत होतो! तीनदा सांगितलं, पोर दे त्यांच्याकडे नि चल, तू त्यांच्यातली नाहीस! अधिकारी माझ्यावर ओरडत होता, तरी मी—"

तो थांबला.

झेलिककाकांचे पाय थांबले होते. न्यायाधीशांनी टंकलेखिकेकडे पाहिलं, आणि तिने मान हलवली. सगळं उतरवलं होतं.

वकील खाली बसला. पोलीस आरोपीकडे सरकले. पण उर्शुले आपल्या जागेवरून हलली नाही. तिच्यासाठी अजून काहीच संपलं नव्हतं.

"मग ती काय म्हणाली?" तिने विचारलं.

स्टुल्गिस जमिनीकडे बघत होता. न्यायाधीशही थांबले.

"म्हणाली," तो इतक्या हळू बोलला की पुढच्या रांगेलाच ऐकू आलं, "ओढू नकोस. बाळ आत्ताच झोपलंय."